रविवारचा पाईप

१

पाईप गार असल्याशिवाय त्याची नळी काढायची नाही, हा पहिला नियम. गरम असताना पिरगळली तर लाकूड चिरतं. श्यामसुंदर साहेबांचे सातही पाईप वर्षभर कोणी पेटवले नव्हते, तरी मी दर वेळी वाटी आधी तळहातात धरून बघायचो. मग डाव्या हातात वाटी, उजव्या हातात नळी, आणि सावकाश पिरगळत दोन्ही वेगळी करायची. लोकर गुंडाळलेली बारीक तार स्पिरिटमध्ये बुडवून नळीतून आरपार सारायची, ती पांढरी निघेपर्यंत. वाटीच्या आत काजळीचा थर असतो. तो सगळा खरवडायचा नाही, रुपयाच्या नाण्याएवढा जाड ठेवायचा. तोंडात धरायचं काळं रबरी टोक हवेनं हिरवट पडतं, त्याला टूथपेस्ट लावून फडक्यानं घासायचं. लाकडावर मेणाचा हात फिरवायचा. शेवटी टोकाला रबरी फुगा लावून दाबायचा, म्हणजे नळी मोकळी आहे का ते कळतं. कॅमेऱ्याच्या काचेवरची धूळ उडवतात तसला तो फुगा होता. साहेबांनी पहिल्याच दिवशी तो माझ्या हातात दिला होता.

ही सत्त्याण्णव सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी जुईनगरला गोटीराम मिस्त्रींच्या दुकानात फर्निचरला पॉलिश मारायचो. वडील गेले आणि सातवीनंतर माझी शाळा सुटली. नावड्याच्या घरात आई, मी आणि धाकटी बहीण राजश्री. साहेबांचा पाईप ठेवायचा स्टँड एकदा पॉलिशला दुकानात आला. तो पोचवायला मी गेलो आणि त्यांना माझं काम आवडलं. तेव्हापासून रोज दुपारी तीनला तासभर मी त्यांच्या फ्लॅटवर जायचो.

स्टँडला सात खाचा होत्या. सोमवारचा पाईप, मंगळवारचा पाईप, असे रविवारपर्यंत. एक दिवस ओढलेला पाईप सहा दिवस सुकला पाहिजे, म्हणून सात. साहेब आधी गोदीत आणि मग न्हावा शेवाला माल उतरवून घ्यायच्या कामावर मोठे अधिकारी होते. त्यांची हाक ऐकून क्रेनवाला वरून खाली बघायचा म्हणे. मी ती हाक ऐकली नाही. वर्षापूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाजाची पेटीच काढून टाकली. ते मानेला पाडलेल्या भोकातून श्वास घ्यायचे. त्यावर पांढरं फडकं बांधलेलं असायचं आणि ते श्वासाबरोबर वरखाली व्हायचं. बोलायचं असलं की पाटीवर पेन्सिलीनं लिहायचे.

"ओढायचं बंद झालं, पण लाड बंद नाहीत," त्यांची सून वैजयंतीवहिनी म्हणायच्या. "माझं कपाट कधी असं पुसलं नाही कोणी."

मला चार माणसांत बोलता येत नाही. मान खाली जाते. पण विहारात रविवारची वंदना मीच घ्यायचो. डोळे मिटले की माझा आवाज सुटायचा आणि लोक म्हणायचे, तो चांगला आहे. राजश्रीचं लग्न ठरलं तेव्हा तिनं एकच गोष्ट मागितली. "वंदना दादा म्हणणार. कॅसेट लावायची नाही." वडिलांच्या जागी उभं राहून तिला द्यायला माझ्याजवळ तेवढंच होतं.

शनिवारी मी साहेबांना पत्रिका दिली. लग्न पुढच्या रविवारी होतं. त्यांनी पत्रिका दोनदा वाचली आणि पाटीवर लिहिलं, "वंदना कोण म्हणणार?"

"मीच," मी म्हणालो.

"म्हणून दाखव."

लाज वाटली, पण मी डोळे मिटून दोन ओळी म्हटल्या. डोळे उघडले तेव्हा साहेब माझ्या गळ्याकडे बघत होते. त्यांच्या मानेवरचं फडकं हलत नव्हतं. मी थांबलो, आणि मग ते पुन्हा हलायला लागलं.

२

सोमवारी फुग्याला चीर पडली. दाबला की हवा बाजूनंच जायची.

त्या घरात मला चहा वेगळ्या कपात मिळायचा. त्याचा कान तुटलेला होता आणि तो धुऊन खिडकीत उपडा ठेवलेला असायचा. त्यामुळे दुसऱ्याच्या वस्तूला तोंड लावायचं नाही हे मला कोणी सांगायला नको होतं. पण दुकानात आम्ही दिवसभर तोंडानंच भुसा उडवतो. हात आपोआप वर गेला. वहिनी स्वयंपाकघरात होत्या, साहेब गॅलरीच्या दाराशी आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. मी सोमवारचा पाईप तोंडाला लावला, दुसरा तळहात वाटीवर धरला आणि फुंकलं.

तळहाताला हवा लागली नाही.

नळी तर मोकळी होती, आत्ताच तार आरपार गेली होती. मी जोरात फुंकलं. आत काही अडत नव्हतं. श्वास सरळ जात होता, वाळूत पाणी ओतावं तसा, पण बाहेर कुठंच निघत नव्हता. मी फुंकायचं थांबवलं तरी तो क्षणभर जातच राहिला. कोणीतरी पलीकडून ओढत असल्यासारखा.

मी पाईप खाली ठेवला. साहेबांचे डोळे मिटलेलेच होते. मानेवरचं फडकं मात्र फुगून वर आलं होतं आणि तसंच राहिलं होतं, छाती भरून घेतलेल्या माणसासारखं. मग ते हळूहळू खाली बसलं.

टोक स्पिरिटनं दोनदा पुसून मी पाईप खाचेत ठेवला आणि घरी आलो. वाटीवर धरलेल्या हाताला मेण होतं, मेणामुळं हवा कळली नसेल, असं बसमध्ये मी स्वतःला समजावलं.

३

लपवून ठेवणं मला जमत नाही. मंगळवारी मी फाटलेला फुगा साहेबांच्या पुढ्यात ठेवला. "साहेब, काल हा फाटला. चुकून मी तोंडानं फुंकलं. टोक पुसलंय स्पिरिटनं."

मला वाटलं, आता काम गेलं. त्यांनी फुगा उचलला, कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि पाटी घेतली.

"बरं झालं. तोंडानेच फुंक."

त्यांनी खाली आणखी लिहिलं, "तू घरचाच."

त्या दिवशी चहा फुलांची नक्षी असलेल्या कपात आला, बशीसकट. वहिनींनी तो ठेवताना सासऱ्यांकडे एकदा बघितलं. मी मंगळवारचा पाईप मन लावून साफ केला आणि फुंकला. श्वास पुन्हा तसाच गेला. पण त्या वेळी माझं लक्ष कपाकडे होतं.

"काय रं अंकुश, गला बसला का?" संध्याकाळी गोटीराम मिस्त्रींनी विचारलं. "म्हाताऱ्याच्या नल्या फुंकून फुंकून दम संपला वाटतं तुजा! लग्नात पिपानी लाव मंग."

सगळे हसले. मीही हसलो. हसू घोगरं निघालं.

घरी मी आईला कपाची गोष्ट सांगितली. माझी आई, गिरजाबाई, भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"त्येंच्या तोंडातलं उष्टं तुज्या तोंडात गेलं. ह्याच्यात मोठेपणा कोणता, लेकरा?"

मला तिचा राग आला. एवढ्या मोठ्या माणसानं मला घरचा म्हटलं होतं.

४

बुधवारी स्टँडवरून बुधवारचा पाईप काढताना बोट सोमवारच्या पाईपला लागलं. तो कोमट होता.

स्टँड भिंतीकडे, कपाटाच्या सावलीत होता. तिथं ऊन येत नाही. जवळ दिवा नाही. मी सोमवारचा पाईप तळहातात धरला. नुकताच चहा संपवलेला कप जसा लागतो, तसा लागला. तो गार होईपर्यंत मी बुधवारचं काम केलं. मग नळी काढून तार घातली. दोन दिवसांपूर्वी पांढरी निघालेली तार ओली आणि तपकिरी निघाली. तंबाखूचा उग्र, ताजा वास आला.

तेवढ्यात वहिनी दारात आल्या. "अंकुश, खरं सांग. तू ओढतोस का इथे?"

"नाही, वहिनी."

"मग वास कसला येतोय? कालही आला. हे पोर्टवरून आले की मलाच विचारतील. डॉक्टरांनी सांगितलंय, घरात धूर म्हणजे बाबांना..." त्या थांबल्या. "तू नाहीस ना? शपथ?"

"आईची शपथ. मी बिडीसुद्धा ओढत नाही."

माझं तोंड बघून त्यांना खरं वाटलं असावं. मग त्यांनी साहेबांकडे बघितलं आणि स्वतःच मान हलवली. "बाबा तर ओढूच शकत नाहीत. बघ तू, म्हणजे तुझ्याही डोक्यातून जाईल." त्यांनी बेसिनवरचा छोटा आरसा आणला. साहेबांच्या तोंडासमोर धरला. साहेबांनी आज्ञाधारक पोरासारखं तोंड उघडलं. आरसा स्वच्छ राहिला. मग वहिनींनी तो मानेवरच्या फडक्याखाली धरला आणि काचेवर लगेच वाफ धरली.

"फुप्फुसातली हवा तोंडात येतच नाही आता. रस्ताच बंद केलाय. सॉरी हां अंकुश, उगाच बोलले. टेन्शनच आलं मला."

साहेब आवाज न करता हसले. मग त्यांनी माझ्या हातातल्या बुधवारच्या पाईपकडे बोट दाखवलं. फुंकायचा राहिला होता.

तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. पण म्हणणार काय? तुमचा पाईप माझा श्वास पितो, म्हणून? वहिनी आरसा हातात घेऊन उभ्या होत्या, साहेब वाट बघत होते. मी फुंकलं.

५

गुरुवारी काम आटपून मी स्वयंपाकघराच्या दाराशी कप ठेवायला गेलो. वहिनी कोथिंबीर निवडत होत्या. आतल्या खोलीतून कोणीतरी खोकलं. दोन आखूड, एक लांब, आणि शेवटी घसा खाकरल्याचा जाड आवाज.

वहिनींच्या हातातली जुडी खाली पडली.

"हा..." त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "लग्न होऊन आले तेव्हापासून रोज सकाळी सहाला ह्याच खोकल्यानं जाग यायची मला. वर्षभर नाही ऐकला."

आम्ही दोघं आत गेलो. साहेब खुर्चीत झोपले होते. तोंड मिटलेलं. फडकं शांतपणे वरखाली होत होतं. गुरुवारचा पाईप, जो मी नुकताच खाचेत ठेवला होता, त्यांच्या मांडीवर होता.

"शेजारचे असतील," वहिनी म्हणाल्या. "ह्या भिंती म्हणजे पुठ्ठे." मग त्यांनी रेडिओ लावला आणि आवाज बराच मोठा केला.

शुक्रवारचाही पाईप मी फुंकला. रागावू नका, मला त्या खोलीत साहेबांच्या नजरेसमोर दुसरं काही सुचायचंच नाही. शिवाय मी मनाशी कारणं तयार ठेवली होती. खाडीवरची दमट हवा, लाकूड ओल धरतं. शेजारचा खोकला. माझा घसा स्पिरिटच्या वासानं बसलाय.

शुक्रवारी संध्याकाळी घरात पाहुणे जमले होते. राजश्रीच्या हातांना मेंदी होती, ती दोन्ही हात पुढे धरून माझ्यासमोर बसली. "दादा, एकदा म्हण ना. फक्त माझ्यासाठी."

मी डोळे मिटले. तोंड उघडलं. ओठ हलले, जीभ हलली, आणि नुसती हवा बाहेर आली. फुटलेल्या फुग्यातून येते तशी.

राजश्री हसायची थांबली. "परवा म्हणशील ना, दादा?"

आईनं ज्येष्ठमधाचा तुकडा माझ्या तोंडात घातला. "त्या स्पिरिटानं झालं आसंल. उद्या जाऊ नको कामाला."

पण स्पिरिट मी महिनाभर वापरत होतो. सोमवारपासून बदललेली गोष्ट एकच होती. मी अंथरुणावर पडून बोटांवर मोजलं. पाच पाईप फुंकून झाले होते. दोन राहिले होते.

६

शनिवारी मी गेलो, पण काम करायला नाही. मला साधा हिशोब सुचला होता. फुंकल्यानं जे गेलं ते ओढल्यानं परत यायला हवं.

साहेब खुर्चीत डोळे मिटून होते. वहिनी आत कुकर लावत होत्या. मी सोमवारचा पाईप उचलला. तो गरम होता. मी तो तोंडात धरला आणि छाती भरून ओढला.

वाटी रिकामी होती. त्यात ना तंबाखू होती ना विस्तव. तरी तोंडात धूर आला, कडू, दाट, घशाच्या खाली उतरत गेलेला. डोळ्यांतून पाणी आलं. आणि मी खोकलो. दोन आखूड, एक लांब. शेवटी घसा खाकरला गेला, जाड आवाजात.

स्वयंपाकघरातून वहिनींची हाक आली. "बाबा?"

मी पाईप टाकून दाराकडे वळलो. साहेब खुर्चीतून उठले होते. बेसिनवरचा आरसा त्यांच्या हातात होता. त्यांनी तो माझ्याकडे बघत स्वतःच्या तोंडासमोर धरला, वहिनींनी धरला होता तसा, आणि ओठ किंचित उघडले.

आरशावर वाफ धरली. अगदी थोडी, पावलीएवढी.

मग त्यांनी पाटी घेतली. मी पळालो नाही, कारण त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच माया होती. त्यांनी शांतपणे, वळणदार अक्षरात लिहिलं आणि पाटी माझ्याकडे फिरवली.

"काळजी नको. उद्या म्हणीन."

७

विहार भरला होता. पांढऱ्या साडीत राजश्री, शेजारी नवरा मुलगा. मेणबत्त्या लागल्या, सगळे हात जोडून उभे राहिले. सकाळपासून मी कोणाशी एक शब्द बोललो नव्हतो. सगळ्यांना वाटलं, घसा जपतोय. मी कॅसेटसुद्धा आणून ठेवली होती. पण बौद्धाचार्यांनी माझ्याकडे बघून, सुरू कर, अशी मान हलवली, आणि राजश्रीनं डोळे मिटून घेतले होते. कॅसेट माझ्या खिशात राहिली.

शेवटच्या रांगेत, दाराजवळ, वहिनी उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी साहेब कोट घालून खुर्चीवर बसले होते. रविवारचा पाईप त्यांच्या तोंडात होता, न पेटवलेला. म्हाताऱ्या माणसाची सवय म्हणून कोणी काही बोललं नाही.

मी तोंड उघडलं. आणि आवाज आला.

तो माझाच होता. स्वच्छ, मोकळा, मी कधी म्हटली नसेल इतकी चांगली वंदना. ती भिंतीवरून, छतावरून परत येत होती, आणि माझ्या घशात मात्र काहीच हलत नव्हतं. मी ओठ हलवत राहिलो, शब्दाला शब्द जुळवत. थांबलो असतो तर सगळ्यांना कळलं असतं. राजश्रीच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. सगळा विहार माझ्या मागून म्हणत होता.

तिसऱ्या ओळीनंतर आवाज थांबला, मी कधीच थांबत नाही तिथं. दोन आखूड, एक लांब खोकला आला. मग घसा खाकरून आवाज पुढे सुरू झाला.

खोकला कोणाला येत नाही? कोणी डोळेही उघडले नाहीत. फक्त आईनं उघडले. तिनं माझ्या ओठांकडे बघितलं, मग माझ्या गळ्याकडे. मग ती हात जोडलेलेच ठेवून हळूहळू मागे वळली आणि दाराकडे बघत राहिली. माझी नजर तिच्या नजरेमागे गेली. साहेबांच्या मानेवरचं फडकं हलत नव्हतं. गाल मात्र आत जात होते आणि भरत होते.

लग्न लागलं. राजश्री माझ्या गळ्यात पडली. "दादा, असं तू कधीच म्हटलं नव्हतंस." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

निघताना साहेब माझ्याजवळ आले. त्यांनी तोंडातला पाईप काढून माझ्या हातात ठेवला आणि पाटी दाखवली. "साफ कर."

मी सोमवारी गेलो नाही. नंतरही गेलो नाही. पाईप आमच्या फळीवर, आईच्या डब्यांमागे आहे. त्याच्या आत जे उरलं असेल ते तार घालून काढावं असं रोज वाटतं. रोज संध्याकाळी मी वाटी तळहातात धरून बघतो. गरम असताना नळी पिरगळली तर लाकूड चिरतं, आणि चिरलं तर आतलं कुठं जाईल ते मला माहीत नाही. म्हणून मी परत ठेवतो. आई विचारते, झाला का गार? मी नुसती मान हलवून नाही म्हणतो.

तो फळीवर आला त्याला सातवा महिना चालू आहे.